करकोच्यांच्या खोलीत बोलायचं नसतं

१

वहिनींना गप्प बसायचं काम मिळालंय, या बातमीवर गल्लीत आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. पाठीमागे सगळे त्यांना 'भोंगा' म्हणायचे, आणि ते त्यांना ठाऊकही होतं. कुणाच्या घरी भांडी आपटली, कुणाचा नळ गळतोय, कुणाची सून रुसून माहेरी जाऊन बसली, सगळं आधी त्यांच्या पोटात जायचं आणि दिवेलागणीच्या आत बाहेर पडायचं.

"तू दुपारभर तोंड मिटून बसणार?" नवरा म्हणाला. "मी रजाच काढतो. असं बघायला पुन्हा मिळायचं नाही."

काम शेजारच्या शिंपीभाऊंनी आणलं होतं. भाऊंनी आजवर शेजारधर्म म्हणून वाटीभर साखरही मागितली नव्हती. ते दारात उभे राहून टाचण्यांची डबी उघडमीट करायला लागले, तेव्हाच वहिनींनी ओळखलं की काहीतरी जड आहे. बायको वारून फार दिवस झाले नव्हते.

भाऊंची बायको म्हणजे पाखरबाई. गल्लीनंच ठेवलेलं नाव. बाई मोठ्या शिकलेल्या. रानातली पाखरं कशी वागतात, घाबरली की त्यांच्या छातीचे ठोके किती चढतात, आई जवळ आली की किती उतरतात, याचा अभ्यास त्यांनी जन्मभर केला. वस्ती संपते तिथे दलदलीच्या काठाला त्यांचं केंद्र होतं. अशा बाईंनी बायकांचे कपडे शिवणाऱ्या माणसाशी लग्न का करावं, हे कोडं गल्लीला कधी सुटलं नाही, वहिनी सोडून. त्यांना बाईंनीच परसातल्या बुटक्या भिंतीवरून सांगितलं होतं. बाईंना एक विचित्र झगा शिवून हवा होता. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, माणसाचा आकार कुठेच दिसू नये असा, तोंडावर जाळी, आणि उजवी बाही पुढे जाऊन करकोच्याचं डोकं आणि चोच होऊन संपणारी. बाकीचे शिंपी हसले. भाऊंनी मापं घेतली, उसवून उसवून पुन्हा शिवला, आणि शेवटी एवढंच विचारलं, हा घालणार कोण? बाई म्हणाल्या, करकोच्याची आई.

दलदलीतल्या टाकून दिलेल्या घरट्यांमधली अंडी केंद्रावर आणायची, उबवायची, आणि पिल्लांना पंख फुटले की रानातल्या थव्यात सोडून द्यायची, हे तिथलं काम. पण करकोच्याचं पिल्लू पहिल्यांदा ज्याच्याकडून खातं त्यालाच आई मानतं. माणसाचं तोंड दिसलं, माणसाचा आवाज कानावर पडला, की ते माणसामागे लागतं आणि थव्याला कायमचं मुकतं. म्हणून झगा, म्हणून चोच, आणि म्हणून तो नियम. करकोच्यांच्या खोलीत बोलायचं नसतं. खोकायचंसुद्धा नाही.

यंदाची चार पिल्लं बाईंनी वाढवायला घेतली आणि अर्ध्यावर टाकून गेल्या. केंद्रावर उरले एक 'सर', बाईंचे जुने सहकारी. त्यांचे गुडघे वाकत नव्हते, आणि पिल्लांना भरवायचं म्हणजे सगळं काम जमिनीलगत. तेव्हा भाऊंनी दुकान बंद केलं आणि स्वतः झगा चढवला.

"सकाळचं मी बघतो," भाऊ म्हणाले. "दुपारी कुणीतरी हवं. बाहेरचं माणूस नको, वहिनी. तिला चाललं नसतं."

आता यावर नाही कसं म्हणायचं?

२

केंद्र म्हणजे एक लांबट, बसकी इमारत. पहिल्या खोलीत सरांचं टेबल आणि संगणकाचा पडदा. मग झगे घालायची अरुंद जागा. मग पिल्लांची खोली. सरांच्या खोलीतून आत बघायला भिंतीत एक काळी काच होती. इकडून तिकडचं सगळं दिसायचं. तिकडून मात्र तो नुसता आरसा. खोलीत कोपऱ्यात उबेचा लाल दिवा, खाली वाळू, एक पाण्याचं उथळ घमेलं, आणि ओल्या पिसांचा, भिजवलेल्या दाण्याचा वास.

पिल्लांना नावं नव्हती. पायातल्या कड्यांच्या रंगांवरून लाल, निळं, हिरवं आणि पिवळं. पिवळं सगळ्यांत बारीक. प्रत्येकाच्या पाठीवर शर्टाच्या बटणाएवढं यंत्र चिकटवलेलं होतं, आणि पडद्यावर त्या त्या रंगाची रेघ धावायची. ती छातीच्या ठोक्यांची रेघ. पिल्लू दचकलं की रेघ डोंगर चढायची, झग्यातली आई जवळ आली की उतरून सपाट मैदानात यायची. हीच ती बाईंच्या अभ्यासाची गोम, सर म्हणाले. आई काय देते? दाणा तर देतेच. पण त्याआधी ठोके उतरवते.

पहिल्या दिवशी वहिनींना घाम फुटला. जाळीतून जग पिठाच्या चाळणीतून बघितल्यासारखं दिसत होतं. झग्याच्या आत गळ्याशी एक डबी होती, तिच्यातून करकोच्याच्या आईची घरघर येत राहायची, मांजर घशात बोलतं तशी. चोचीत दाणा धरायचा, खाली वाकायचं, पिल्लू मान उंचावून घेतं. घेतलं की वहिनींच्या जिभेच्या टोकावर 'शाब्बास गं बाई माझी' आलेलं असायचं, आणि ते गिळताना डोळ्यांत पाणी यायचं.

दोन-चार दिवसांत हात बसला. भाऊ दुपारी बाहेर यायचे, वहिनी आत जायच्या, आणि मधे थोडा वेळ खोलीत कुणीच नसायचं. त्याच वेळात वहिनींनी ते पहिल्यांदा बघितलं. झगा चढवता चढवता सहज पडद्याकडे नजर गेली. चारही रेघा खाली येत होत्या. भराभर नाही, सावकाश, जिना उतरावा तशा. मैदानात येऊन सपाट झाल्या.

"आत कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

सरांनी मान वर न करता सांगितलं की कोणी नाही, पोट भरलं की ठोके उतरतातच. भाऊ झगा खुंटीला लावत होते. 

वहिनींनी स्वतःची समजूत घातली. आपलं शिक्षण किती, आपण बोलतो किती. पोट भरल्यावर आपला नवरा नाही का खुर्चीतच घोरायला लागत?

३

पण वहिनींचा स्वभावच असा, की एखाद्या घराचं दार अर्धवट उघडं दिसलं तर मान वळल्याशिवाय राहायची नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम लवकर आल्या आणि काचेशी जाऊन उभ्या राहिल्या.

भाऊ बाहेर आले. दार लागलं. पिल्लं इकडेतिकडे चोची मारत होती. मग हिरवं थांबलं. मग लाल. मग चौघंही एका जागी गोळा झाली, दिव्याच्या समोरच्या कोपऱ्यात, जिथे काहीच नव्हतं. झोपली नव्हती. डोळे टक्क उघडे. माना उंच. आणि एकेक करून त्यांनी चोची वर केल्या, उघडल्या, मिटल्या, आणि त्यांचे कोवळे गळे हलले. घास गिळल्यासारखे.

वहिनींना काचेचा गारवा कपाळाला लागला तेव्हा कळलं की आपण नाक चिकटवून उभ्या आहोत.

त्या दिवशी त्या आत गेल्या तेव्हा पिल्लांनी त्यांच्या चोचीतला दाणा घेतला नाही. हट्टानं नाही. पंगतीतून पोटभर जेवून उठलेला माणूस 'आता नको' म्हणतो तशी मान बाजूला केली. पिवळ्यानं तर बघितलंही नाही. सरांना सांगितलं तर ते म्हणाले की सकाळी जास्त खाल्लं असेल. पण वजनाच्या काट्यावर पिवळं रोज हलकं होत होतं. सरांनी औषध दिलं, अळ्या दिल्या, दाणा बदलून बघितला. पिल्लाला भूकच नव्हती. आणि पडद्यावरची पिवळी रेघ इतकी शांत, की सर म्हणाले, इतकं सुखी पिल्लू मी आजवर पाहिलं नाही.

ते पिल्लू दुपारीच गेलं. खोलीत कुणी नसताना, त्याच कोपऱ्यात. तडफडलं नाही, ओरडलं नाही. रेघ उतरत गेली आणि उतरतच राहिली. वहिनींनी झग्यातल्या हातानं त्याला उचललं तेव्हा ते कशावर तरी टेकून बसल्यासारखं तिरकं होतं. टेकायला तिथे काही नव्हतं. वहिनींनी ते ओंजळीत घेऊन बाहेर आणलं आणि दार लागल्यावर मगच हुंदका दिला.

पोटात अन्नाचा कण नव्हता, असं सरांनी नंतर तपासून सांगितलं. हे सांगताना त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

४

भाऊसुद्धा वाळत चालले होते. गळ्याशी सदरा सैल, पट्ट्याला नवं भोक. वहिनी डबा द्यायच्या, तो तसाच परत यायचा. रागावून विचारलं तर म्हणायचे, पोट भरल्यासारखं वाटतं. दुपारचं काम वहिनींकडे दिलं तरी आता ते पुन्हा झगा घालून आत जाऊन बसायला लागले होते. आधी थोडा वेळ, मग तासन् तास.

पिवळं गेलं त्या संध्याकाळी दोघं केंद्राच्या पायरीवर चहा घेऊन बसले. भाऊंनी कप हातात धरून चहा पार गार केला, आणि मग आपणहून बोलले. वहिनींना बाईंच्या जाण्याची हकिगत गल्लीइतकीच माहीत होती: कामावर असताना गेल्या, झोपेत गेल्यासारख्या. पुढचं कधी कुणी विचारलं नव्हतं, अगदी वहिनींनीही नाही.

त्या सकाळी भाऊ दुरुस्त केलेली जाळी द्यायला आले होते. काचेतून बघितलं तर बाई झग्यात, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या. चोच मांडीवर. भोवती चारही पिल्लं पोटाशी घुसून बसलेली, आणि पडद्यावर रेघा सपाट. भाऊंना ते दृश्य इतकं गोड वाटलं की ते बघतच उभे राहिले. बराच वेळ. मग पिवळं मांडीवरच्या चोचीला टोचायला लागलं, आणि चोच काही उठेना.

भाऊ आणि सर झगे घालून आत गेले. मनगट हातात धरल्याबरोबर भाऊंना कळलं.

"ओरडावंसं वाटलं, वहिनी. इथपर्यंत आलं होतं." त्यांनी गळ्याला हात लावला. "पण पिल्लं बघत होती. तिची इतक्या वर्षांची मेहनत. मी एक शब्द काढला असता तर चारही वाया गेली असती. आम्ही तिला तशीच उचलली. आवाज न करता. पाय वाजू न देता. मी तिला हाकसुद्धा मारली नाही."

"बाहेर आल्यावर?"

"बाहेर आल्यावर आवाज आलाच नाही. अजून नाही आला."

बाईंचा झगा त्यांनी घरी नेऊन कपाटात ठेवला होता. धुतला नव्हता.

 वहिनींनी मग नको तो प्रश्न विचारलाच. तुम्ही आत बसता तेव्हा तुम्हाला काही दिसतं का? भाऊ म्हणाले, जाळीतून काय दिसणार? कुणी जवळून गेलं की वारा लागतो, तेवढं कळतं. आणि मग कसं बरं वाटतं.

"विचारा की मग, कोण आहे म्हणून."

भाऊंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की वहिनींना आपल्याच बोलण्याची लाज वाटली. "तिथे बोलायचं नसतं," ते म्हणाले.

५

पुढच्या दुपारी पडद्यावर चार रेघा होत्या. लाल, निळी, हिरवी, आणि तळाशी एक पांढरी.

वहिनींनी विचारलं, ही कुणाची? सर अवघडले. भाऊंनी स्वतःच पिवळ्याचं यंत्र मागून छातीला लावून घेतलं होतं. बाईंच्या आठवणीचं काहीतरी असेल, दुखावलेल्या माणसाला कुठे नाही म्हणायचं, असं म्हणून सरांनी लावू दिलं. बोलता बोलता ते थांबले. पांढरी रेघ जिना उतरत होती. सरांनी पडद्यावर बोटानं टिचकी मारली, जणू घड्याळ अडकलंय. रेघ आणखी एक पायरी उतरली.

काचेतून भाऊ दिसत होते. भिंतीला टेकून बसलेले, झग्याचं टोपडं छातीवर झुकलेलं. तिन्ही पिल्लं त्यांच्यापासून चार हातांवर, कोपऱ्याकडे तोंड करून, चोची वर.

सरांनी फोन उचलला, रुग्णवाहिका बोलावली. ती गावातून येणार म्हणजे वेळ लागणार. "तुम्ही आत जा, हलवून जागं करा," ते कुजबुजले. "पण आवाज करू नका. वहिनी, पाया पडतो, तीनच उरलीत."

वहिनींनी झगा चढवला. घाईत जाळी उलटी बसली आणि पुन्हा बसवावी लागली. दार उघडून आत गेल्या, दार लावलं.

आत आधीच एक निवांतपणा होता. भरल्या घरात दुपारी सगळे निजलेले असतात तसा. वहिनींच्या छातीतली धडधड त्या हवेत आल्याबरोबर आपोआप मंद व्हायला लागली, आणि त्यालाच त्या सगळ्यांत जास्त भ्यायल्या. त्या भाऊंपाशी वाकल्या, खांदा हलवला. मनगट गार होतं. पुन्हा हलवलं. मान एका बाजूची दुसऱ्या बाजूला झाली, तेवढंच.

त्या उभ्या राहिल्या आणि समोर आरसा आला. ती काळी काच.

आरशात भाऊंचा झगा दिसत होता, बसलेला. वहिनींचा झगा दिसत होता, ताठ उभा. आणि त्यांच्या मागे एक पांढरा झगा खाली वाकलेला होता. आपलंच दुसरं प्रतिबिंब असेल, काच जुनी आहे, असं वहिनींनी स्वतःला सांगितलं. पण त्या तर उभ्या होत्या. तो वाकून लालला भरवत होता. मग निळ्याला. रिकामी चोच खाली यायची, वर जायची, पुन्हा खाली. किती मायेनं, किती सवयीनं. मग तो हिरव्याकडे वळला; ते एव्हाना भाऊंच्या पलीकडे गेलं होतं. वाटेत भाऊंचे पसरलेले पाय होते. वाटेत पडलेलं लाकूड चुकवावं तसा तो त्या पायांना वळसा घालून गेला, आणि टोपडं त्यांच्याकडे तसूभरही वळलं नाही.

वहिनींनी मागे वळून बघितलं नाही. तेवढी छाती त्यांच्यात नव्हती.

त्यांना एवढंच समजलं की हे थांबायचं नाही. जिला थांब म्हणायचं, तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. सगळ्या जगाला सांगितलं, आणि जिची गोष्ट तिलाच तेवढी नाही. उचलून नेलं, आणि तेही पाय न वाजवता.

वहिनींनी तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. मग आवाज फुटला, तो परसातल्या भिंतीवरून बोलायचा आवाज, दुसरा त्यांच्याकडे नव्हताच.

"बाई, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्यांचा नळ अजून गळतोच आहे. किराणावाल्यानं दुकानाला निळा रंग दिला, अगदी बघवत नाही. आमच्या ह्यांची दाढ काढली, चार दिवस घर कसं शांत होतं."

पिल्लं किंचाळली. माणसाचा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. वाळू उडाली, पंख भिंतींवर आपटले, पाण्याचं घमेलं उलटलं. काचेपलीकडे सर ओरडले, काय ते कळलं नाही. वहिनी थांबल्या नाहीत. आरशातला झगा ताठ झाला होता. चोच अधांतरी. जाळी त्यांच्याकडे. बाई भिंतीपलीकडे एका हातात भांडं धरून ऐकत उभ्या राहायच्या, तशी मान थोडी कलती.

"भाऊंनी दुकान बंद ठेवलंय. जेवत नाहीत. पाखरं पण जेवत नाहीत, बाई. तुम्ही देता ते पोटात उतरत नाही. पिवळं गेलं." वहिनी आरशाकडे एक पाऊल पुढे सरकल्या. "आणि तुम्ही पण गेलात. त्या सकाळीच. इथेच, या कोपऱ्यात. आम्ही तुम्हाला सांगितलंच नाही. चुकलं आमचं. पण तुम्ही गेलात हो, बाई."

जाळी आत ओढली गेली आणि तशीच राहिली. श्वास घेतला आणि सोडायचं विसरलं, तशी. मग चोच सावकाश हिरव्यापुढे गेली. एकदाच, विचारल्यासारखी. हिरवं तिच्यापासून पळालं आणि धडपडत येऊन वहिनींच्या पायांना चिकटलं.

आरशात मग दोनच झगे उरले. भाऊंना मोठा ठसका लागला, आणि ते खोकतच राहिले.

६

भाऊ वाचले. काही दिवस रुग्णालयात काढून घरी आले, दुकान उघडलं, मशीन पुन्हा वाजायला लागलं. परसात वहिनी दिसल्या की मात्र ते आत निघून जायचे.

पिल्लं वाया गेली. सरांनी दोषाचा शब्द काढला नाही. फक्त म्हणाले की आता यांना थवा ओळखणार नाही, यांना इथेच कुंपणात ठेवावं लागेल. तिघंही वहिनींच्या आवाजाला आई मानायला लागली होती. त्या बोलल्या तरच खायची. म्हणून वहिनी रोज जात राहिल्या, झगा न घालता, उघड्या तोंडानं. लाल आता त्यांच्या कमरेएवढं झालं होतं.

तिथे त्या सतत बोलतात. नळाचं बोलतात, भाजीचं बोलतात, बोलण्यासारखं काही उरलं नाही तर अंक म्हणतात. एकदा पाणी प्यायला थांबल्या होत्या. तेवढ्यात तिघांनीही माना उंचावल्या आणि दलदलीकडच्या रिकाम्या कुंपणाकडे बघत चोची उघडल्या. त्यानंतर वहिनी पाणी घरून पिऊन जातात.

आणि गल्लीत? गल्लीत त्या यातलं अक्षरही बोलल्या नाहीत. भोंगा बिघडला, दुरुस्तीला टाकायला हवा, असं नवरा लोकांना सांगत फिरायचा. घरात मात्र तो त्यांच्या ताटात आपणहून आणखी वाढायचा.

एके दिवशी सकाळी भाऊ दारात येऊन उभे राहिले. वहिनींनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"त्या दिवशी मला नीट ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तुम्ही तिला सांगितलंत?"

"सांगितलं."

"रागावली का?"

"नाही हो. ऐकून घेतलं. तुम्हाला माहीत आहे की, कसं ऐकायच्या त्या."

भाऊंनी मान हलवली.  बाहेर कुणीतरी बादली भरत होतं.

"मी तिथेच बसलो होतो ना, वहिनी. रोज. तिच्या वाटेत." ते जमिनीकडे बघत होते. "तिनं माझ्याकडे बघितलं का?"

वहिनींच्या डोळ्यांपुढून तो वळसा गेला. पसरलेले पाय, आणि ते चुकवून पाखरांकडे गेलेला तो पांढरा झगा. जन्मभर त्यांनी कुठलीही बातमी जशी मिळाली तशी पोचवली होती, मीठमसाला लावून असेल, पण खोटी कधी नाही.

"बघितलं," त्या म्हणाल्या. "जाताना तुमच्याकडेच बघितलं, भाऊ. पाखरांकडे नाही."

भाऊंचं तोंड उघडलं. आधी काहीच आलं नाही, नुसता घसा हलला. मग जो आवाज आला तो माणसाचा आहे हे कळायलाही क्षण गेला. ते उंबऱ्यातच खाली बसले. बादली भरायची थांबली. समोरची खिडकी उघडली, तिच्या शेजारची उघडली, कोपऱ्यावरचे नळवाले अंगणात येऊन माना लांब करायला लागले.

वहिनींनी भाऊंना हाताला धरून आत घेतलं, आणि दार लावून कडी घातली.